अर्धा बँड कुठे गळतो?

"आदरणीय मॅडम,

मी २७ वर्षांची आहे. बीएस्सी नर्सिंग करून चार वर्षं सोलापुरातल्याच एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, कारखाना बंद झाल्यापासून घरी असतात. आई विड्या वळते. धाकटा भाऊ आयटीआय करतोय. मला इंग्लंडला नर्स म्हणून जायचंय. त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली. पहिल्या वेळी सगळ्याचेच बँड, म्हणजे गुण, कमी आले. दुसऱ्या वेळी लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीला ७ आणि रायटिंगला ५.५. यंदा एप्रिलमध्ये लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६. एकूण ७ बँड झाला म्हणून क्लासने माझा फोटो फलकावर लावला. पण मला रायटिंगला ६.५ लागतात, म्हणजे माझं काम झालंच नाही.

आतापर्यंत पन्नास हजारांच्या वर गेले. एप्रिलला रजा मिळाली नव्हती. रात्रपाळीतून थोडं लवकर सुटून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली आणि दुपारी पुण्यात पेपर दिला. मी दोन बोटांनी टाइप करते. ग्राफलाच अर्धा तास गेला, निबंधाचा शेवट राहिला. सर म्हणतात चौथी बॅच लाव, ढाचे अजून पक्के कर. मैत्रीण म्हणते आयईएलटीएस सोड, डॉक्टर-नर्सेससाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दे. एक एजंट अडीच लाखांत परीक्षेला न बसता सर्टिफिकेट देतो म्हणतोय. आई म्हणते आता पुरे, स्थळं बघू. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते, त्यामुळेच असं होत असेल का? सोबत क्लासमध्ये लिहिलेला एक निबंध जोडलाय. माझं नाव छापू नका.

— एक सिस्टर, सोलापूर"

प्रिय सिस्टर,

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि निबंध त्याहून जास्त वेळा. बरंच बोलायचं आहे, पण आधी त्या एजंटाचं. त्याला आजच्या आज नाही म्हणून सांग आणि त्याचा नंबर काढून टाक. आयईएलटीएसच्या प्रत्येक निकालपत्रावर क्रमांक असतो. ज्या संस्थेकडे तू अर्ज करतेस ती संस्था तो क्रमांक घालून तुझे गुण स्वतः पडताळून बघते. त्यामुळे खोटा कागद पहिल्याच टेबलावर पकडला जातो. २०१४ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका इंग्रजी परीक्षेच्या केंद्रांवर तोतये बसवल्याचं उघड झालं. तिथल्या गृहखात्याने तीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत स्वतः प्रामाणिकपणे परीक्षा दिलेलेही सापडले आणि वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. २०२२ मध्ये गुजरातमधली काही मुलं कॅनडातून अमेरिकेत बोटीने घुसताना पकडली गेली. त्यांच्याकडे साडेसहा-सात बँड होते आणि कोर्टात न्यायाधीशांच्या साध्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देता येईना. तू रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारी मुलगी आहेस. तुझ्या नोंदणीवर असा डाग पडला तर तो पुसणारं कुणी नाही. आणखी एक लक्षात ठेव. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या नियमावलीप्रमाणे भरती करणाऱ्या एजन्सीने उमेदवाराकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घ्यायचे नसतात. पुढेही कुणी असे पैसे मागितले तर तिथूनच परत फिर.

आता तुझ्या गुणांकडे वळू. तुला जे कुणी सांगितलेलं दिसत नाही, ते आधी सांगते.

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणारी संस्था म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. तिलाही एनएमसीच म्हणतात. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या एनएमसीशी तिचा संबंध नाही. ती इंग्रजीसाठी दोनच परीक्षा धरते, आयईएलटीएस अकॅडमिक आणि ओईटी. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला प्रत्येकी ७ आणि रायटिंगला ६.५ हवेत. एकूण बँड किती झाला याला तिथे किंमत नाही. तुझी एप्रिलची बेरीज २७.५, तिला चाराने भागलं की ६.८७५, ते जवळच्या अर्ध्यावर नेलं की ७. क्लासच्या फलकाला तेवढं पुरतं. तुला पुरत नाही, हे तुझं अगदी बरोबर आहे.

पण हीच कौन्सिल दोन वेळच्या परीक्षांचे गुण एकत्र धरते. दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत दिलेल्या हव्यात. आणि दोन्हींत कुठलाही गुण एका पातळीखाली जाता कामा नये. ती पातळी लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ६.५ आणि रायटिंगला ६ अशी आहे. २०२३ पर्यंत ही मुदत सहाच महिन्यांची होती, तेव्हा ती दुप्पट केली. आता तुझा एप्रिलचा निकाल पुन्हा बघ. ७.५, ७, ७ आणि ६. एकही आकडा त्या पातळीखाली नाही. म्हणजे तीन विषय तुझ्या पदरात पडलेले आहेत. पुढच्या एप्रिलच्या आत एकदा परीक्षा दे, त्यात रायटिंगला ६.५ मिळव आणि बाकी तिन्ही ६.५ च्या खाली जाऊ देऊ नकोस. बस, एवढंच उरलं आहे. तू हरल्यासारखं लिहिलं आहेस, पण हातातला हा निकाल चांगला आहे. फक्त त्याला मुदत आहे. फॉर्म भरायच्या आधी कौन्सिलच्या संकेतस्थळावरचं इंग्रजीच्या अटींचं पान स्वतः उघडून वाच. हे नियम मधून मधून बदलतात आणि ऐकीव माहितीवर वीस हजार रुपये लावायचे नसतात.

म्हणूनच ओईटीकडे लगेच वळू नको असं माझं मत आहे. मैत्रिणीचं म्हणणं चुकीचं नाही, त्यावर पुढे येते. पण एका परीक्षेचे गुण दुसरीला जोडता येत नाहीत. ओईटीला बसलीस की चारही विषय शून्यापासून, आणि फी आयईएलटीएसच्या जवळजवळ दुप्पट. मुदत हातात असताना तीन पिकलेली शेतं सोडून नव्याने नांगरायला कशाला जायचं?

चौथी बॅचही लावू नको. तुझा अर्धा बँड कुठे गळतो हे कुणी शोधलंच नाही. त्याच गळक्या घागरीत पुन्हा पाणी भरून काय होणार? पत्रात तू सहज लिहून गेलीस त्या तीन गोष्टी मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवल्या आहेत. दोन बोटांनी टाइप करते. ग्राफला अर्धा तास. रात्रपाळी करून हुतात्मा.

टायपिंगचा हिशेब मांडू. रायटिंगला ६० मिनिटं असतात. पहिल्या भागात, म्हणजे ग्राफच्या वर्णनात, किमान १५० शब्द, दुसऱ्यात, म्हणजे निबंधात, किमान २५०, मिळून ४००. दोन बोटांनी मिनिटाला पंधरा शब्द होत असतील असं धरू. ४०० शब्द नुसते बडवायलाच जवळजवळ सत्तावीस मिनिटं. विचार करायचा, वाक्य खोडायचं, परत वाचायचं, सगळं उरलेल्या तेहतीस मिनिटांत. तोच वेग पंचवीसवर गेला तर टायपिंगला सोळा मिनिटं लागतात, म्हणजे अकरा मिनिटं मोकळी. अकरा मिनिटांत निबंधाचा शेवटही होतो आणि चुकाही दुरुस्त होतात. आपल्या गावात टायपिंगच्या इन्स्टिट्यूट गल्लोगल्ली आहेत. सरकारी परीक्षेची इंग्रजी ३० शब्दांची बॅच लावतात ना, तिथे जाऊन बस. परीक्षा द्यायची गरज नाही, दहा बोटं कळफलकावर बसली की झालं. रोज एक तास, तीन महिने. त्याची फी आयईएलटीएसच्या फीपुढे काहीच नाही. तुला इंग्रजीच्या शिकवणीपेक्षा याची गरज जास्त आहे, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

ग्राफचं सोपं आहे. दुसऱ्या भागाला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. ग्राफ वीस मिनिटांत संपवायचा, संपला नाही तरी हात काढून घ्यायचा. मन धजत नसेल तर निबंध आधी लिही, क्रमाची सक्ती नाही. ग्राफमधला प्रत्येक आकडा लिहायचा नसतो. रुग्णाचा टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट तू पुढच्या पाळीच्या सिस्टरला देतेस, तेव्हा सहाला किती, आठला किती, दहाला किती असं वाचून दाखवतेस का? रात्रभर ताप चढता होता, पहाटे औषधानंतर उतरला, नाडी मात्र जलदच आहे, असं सांगतेस. आधी एकंदर कल, मग सगळ्यात मोठा बदल, मग वेगळं काय दिसतं ते. ग्राफचं उत्तर याच क्रमाने लिही.

आता निबंध. विषय असा होता, की म्हाताऱ्या माणसांची काळजी कुटुंबाने घरी घ्यावी की संस्थांनी. तुझं पहिलं वाक्य, 'इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन, द टॉपिक हॅज स्पार्क्ड अ हीटेड डिबेट अमंग द पीपल ऑफ ऑल वॉक्स ऑफ लाइफ.' पुढचं वाक्यही तसंच. चाळीसच्या वर शब्द झाले आणि त्यांत म्हातारं माणूस अजून आलेलंच नाही. हे वाक्य वृद्धांवर, प्लास्टिकवर, मोबाइलवर, कशावरही चिकटतं. सर ज्याला ढाचा म्हणतात तो हाच. पाठ केलेला मजकूर ओळखायला परीक्षकांना शिकवलेलं असतं आणि गुण देण्याच्या निकषांत त्याचा उल्लेखच आहे. शिवाय ढाच्यातली इंग्रजी आणि त्याच्या खालची तुझी इंग्रजी यांचा पोत जुळत नाही. सुती चादरीला रेशमी तुकड्याचं ठिगळ लावल्यासारखं ते लांबून दिसतं.

दुसरा परिच्छेद, 'ओल्ड पीपल नीड केअर. देअर आर मेनी बेनिफिट्स.' मग फर्स्टली, सेकंडली, थर्डली, आणि प्रत्येकाला एकच वाक्य. मुद्दे चुकीचे नाहीत, पण एकही मुद्दा वाढवलेला नाही. परीक्षक चार गोष्टींना सारखे गुण देतो. प्रश्नाला उत्तर दिलंस का, मांडणी धरून आहे का, शब्द नेमके आहेत का, व्याकरणात विविधता आणि अचूकपणा आहे का. पहिल्या गोष्टीतच तू मागे पडतेस, कारण तीन मुद्दे नुसते मोजून दाखवलेस आणि एकाही मुद्द्यामागचं कारण उलगडलं नाहीस.

आणि मला वाईट याचं वाटलं, की या विषयावर लिहायला सोलापुरात तुझ्याइतकी हक्काची माणसं थोडीच असतील. तुझ्या वॉर्डात असा रुग्ण आला असेलच, ज्याची दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत आहेत. मुलं आठवड्याला येतात, हातात फळं असतात, डोळ्यात पाणी असतं. पण दुपारी दोनला घरात कुणी नसतं. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येत नाही म्हणून म्हातारा एकच गोळी दोनदा घेतो. पाठीला जखम होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. मुलांची माया कमी नसते, त्यांना फक्त ते काम येत नसतं. हाच तुझा परिच्छेद. 'फॅमिलीज कॅन गिव्ह अफेक्शन, बट मोस्ट ऑफ देम आर नॉट ट्रेन्ड टू ड्रेस अ बेडसोर.' एवढं साधं वाक्य लिही. त्याखाली असं का होतं ते लिही, मग त्याचा परिणाम लिही, मग म्हणून काय करावं ते लिही. एक मुद्दा, पाच-सहा वाक्यं. असे दोन परिच्छेद झाले, वर दोन वाक्यांत तुझं मत आणि खाली दोन वाक्यांत समारोप, की २६०-२७० शब्द आपोआप होतात. जड शब्द शोधू नकोस. 'बेडसोर' हा नेमका शब्द आहे आणि तो तुला येतो. नेमक्या शब्दाला गुण असतात.

व्याकरणाच्या तुझ्या बहुतेक चुका दोनच जातींच्या आहेत आणि दोन्ही मराठीतून आलेल्या आहेत. मराठीत आपण कामं 'ऊन'ने ओवत जातो. पेशंटला उठवून, तोंड पुसून, बीपी बघून, इंजेक्शन देऊन मी रिपोर्ट लिहिला. किती छान वाहतं वाक्य. तेच तू इंग्रजीत 'अँड, अँड, अँड' करत नेलं आहेस. एका वाक्यात पाच 'अँड' मी मोजले. इंग्रजीत 'आफ्टर', 'विच', 'ऑल्दो', 'सो दॅट' यांनी कोणतं काम मुख्य आणि कोणतं त्याच्या आधाराचं हे दाखवावं लागतं. रोज तुझ्या पाळीतली एक घटना घे आणि ती 'अँड' न वापरता चार वाक्यांत लिही. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

दुसरी जात म्हणजे 'अ' आणि 'द'. आपल्या भाषेत ती भानगड नाही, म्हणून कुठेही 'द' पडतो. तू लिहिलंस, 'द ओल्ड पीपल शुड बी गिव्हन द रिस्पेक्ट.' यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना एक तोडगा सांगत असे. मराठीत वाक्य म्हणून बघायचं. जिथे 'एक' किंवा 'कुणीतरी' सहज बसतं तिथे बहुधा 'अ'. जिथे 'तो', 'ती', 'ते', म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं, बसतं तिथे बहुधा 'द'. आणि 'म्हातारी माणसं' असं सगळ्यांबद्दल बोलताना यांतलं काहीच बसत नसेल तर काहीच लावायचं नाही. 'एक आजोबा दाखल झाले. त्या आजोबांना दमा होता.' पहिल्याला 'अ', दुसऱ्याला 'द'. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण तुझ्या निबंधातल्या निम्म्याहून जास्त चुका एवढ्याने जातात. मी लावून बघितला आहे.

तपासणार कोण, असं तू विचारशील. आयईएलटीएसचे रायटिंगचे निकष, प्रत्येक बँडला काय अपेक्षित आहे ते, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातलं ६ आणि ७ यांचं वर्णन शेजारी शेजारी ठेव आणि आपला निबंध दोन दिवसांनी ताज्या डोळ्यांनी त्यापुढे धर. आपल्याच चुका आपल्याला दिसायला लागणं हीच खरी तयारी. आठवड्याला दोन निबंध आणि एक ग्राफ पुरेत, पण प्रत्येक निबंध दुसऱ्यांदा सुधारून लिहायचा. तू क्लासमध्ये तीस-चाळीस निबंध लिहिले असशील. त्यांतला एकही परत लिहिलेला नसणार.

तुझी कमजोरी काही तुझ्या एकटीची नाही. २०१८ च्या शेवटापर्यंत कौन्सिल रायटिंगलाही ७ मागत असे. बाकी सगळ्यांत पास आणि रायटिंगला अर्ध्या बँडने नापास, अशा नर्सेस जगभरातून इतक्या येत होत्या की कौन्सिलने तेवढ्याच विषयाची अट ६.५ वर आणली. केरळपासून फिलिपिन्सपर्यंतच्या तुझ्या भगिनी याच उंबऱ्याला ठेचकाळल्या आहेत.

आता ओईटी. ही परीक्षा १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या डॉक्टर-नर्सेससाठी तयार झाली. ब्रिटनच्या कौन्सिलने ती २०१७ पासून धरली. तिच्यात ग्लोबलायझेशनवर निबंध नाही. रायटिंगला रुग्णाच्या नोंदी देतात. पाच मिनिटं वाचायच्या आणि चाळीस मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, रेफरलचं किंवा डिस्चार्जचं. नोंदींतलं काय घ्यायचं आणि काय गाळायचं, यालाही गुण. स्पीकिंगला समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो आणि तुला त्याला धीर द्यायचा असतो, समजावून सांगायचं असतं. तेलुगू आजीला, कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याला, उर्दू बोलणाऱ्या चाचांना तू रोज हेच करतेस. नर्ससाठी ही परीक्षा जास्त न्याय्य आहे असं मी मानते. तू पहिल्याच वेळी विचारलं असतंस तर मी ओईटीच दे म्हटलं असतं. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी म्हणजे ३५० आणि रायटिंगला सी प्लस म्हणजे ३०० लागतात. पुढच्या एप्रिलपर्यंत आयईएलटीएसचं जमलं नाहीच, तर मग दुसऱ्या विचाराशिवाय ओईटीला जा. तीन महिन्यांचं टायपिंग, 'अँड' तोडायचा सराव, यातलं काही वाया जाणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण याच विषयावर विद्यार्थ्यांचीही पत्रं आली आहेत. टोफेल, पीटीई, डुओलिंगो या परीक्षा बऱ्याच विद्यापीठांना चालतात, पण ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला चालत नाहीत. ज्यांना शिकायला जायचं आहे त्यांनी आधी आपल्या विद्यापीठाची यादी बघावी आणि मगच परीक्षा निवडावी. टोफेलने जानेवारी २०२६ पासून गुणांची पद्धत बदलली आहे, जुनी पुस्तकं घेऊन बसू नका. आयईएलटीएसचा निकाल पटला नाही तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि बँड वाढला तर तिची फी परत मिळते. एकच विषय पुन्हा द्यायचीही सोय आहे, पण ती ६० दिवसांच्या आत आणि सगळ्या संस्था ती मानत नाहीत. सिस्टर, तुझी ती मुदत एप्रिलपासून कधीच सरली.

मराठी माध्यमाबद्दल तू विचारलंस. मीही मराठी शाळेतली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि पुढे मी जन्मभर तेच शिकवलं. तुझ्या माध्यमाने अडवलं असतं तर लिसनिंगला साडेसात कुठून आले असते? माध्यमामुळे 'अ' आणि 'द' चुकतात, बोटं हळू चालत नाहीत. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात कधी गेली आहेस का? १९३८ साली हा आपल्या सोलापूरचा डॉक्टर चीनला गेला. चिनी भाषा तिथे जाऊन, जखमी सैनिकांत काम करता करता शिकला, बोलायला आणि लिहायलाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी भावाला घेऊन जाऊन ये.

आईचं राहिलं. तुझं लग्न कधी व्हावं यावर मी बोलणार नाही, ते तू आणि तुझ्या घरचे बघाल. पण आईला अर्धवट माहिती आहे. तिला तीन वेळा नापास एवढंच दिसतं. तिच्या शेजारी बस, कागदावर ७.५, ७, ७, ६ लिही, त्यातल्या तिन्हींपुढे बरोबरची खूण कर आणि सांग की एक राहिलाय आणि त्याला पुढच्या एप्रिलपर्यंत वेळ आहे. त्यानंतर सीबीटी नावाची संगणकावरची परीक्षा आणि तिकडे गेल्यावर ओएससीई ही प्रात्यक्षिकं असतात, तेही आत्ताच सांग. पुढे काय काय लागणार हे तिला आधीच ठाऊक असू दे. विड्या मोजून संसार केलेल्या बाईला हिशेब कळतो. तिला 'बघू, होईल' एवढंच सांगत राहिलीस म्हणून ती स्थळं बघू म्हणते.

शेवटची गोष्ट सगळ्यात साधी आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग या क्रमाने सलग होतात, मध्ये सुट्टी नसते. म्हणजे रायटिंग सुरू होतं तेव्हा तू दीड तासाच्या वर कानाने आणि डोळ्यांनी राबलेली असतेस. एप्रिलमध्ये तू त्याआधी रात्रभर आयसीयूत उभी होतीस आणि चार तास गाडीत बसली होतीस. लिसनिंगला साडेसात आणि तासाभराच्या रायटिंगला सहा, यात मला तुझ्या इंग्रजीपेक्षा अपुरी झोपच जास्त दोषी दिसते. या खेपेला परीक्षेची तारीख डिसेंबर किंवा जानेवारीतली घे, जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस टाळून, कारण तेव्हा हॉस्पिटलात रजा कुणालाच मिळत नाही. तारीख पक्की झाली की त्याच दिवशी मेट्रनकडे रजेचा अर्ज टाक. तीन दिवसांचा. आदल्या दिवशी पुण्याला जा, केंद्र बघून ये आणि रात्री नऊला झोप. दीड महिन्याने एक निबंध मला पाठव, स्वतः टाइप केलेला, वर किती मिनिटं लागली ते लिहून. मी तपासून देईन.